घर आमचे, रान कोणाचे?

गेल्या मे महिन्यात मामाच्या गावी गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर मामाने पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कागद कानडीत होता. मामा बाजारापुरते कानडी बोलतो, पण त्याला वाचता येत नाही. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले असले तरी कानडी हा विषय होता, त्यामुळे घरातील सर्व सरकारी कागद वाचण्याचे काम माझ्याकडे. गाव खानापूर तालुक्यातले, भीमगडच्या रानातले. गाव सोडून बाहेर जाण्यास जे राजी असतील त्यांनी नावे द्यावीत, अशा आशयाचा तो मजकूर होता. ऐकून झाल्यावर मामाने एकच विचारले, "म्हणजे आमी हितं मालक का भाडोत्री रे?"

वाणिज्य शाखेत दोन वर्षे काढूनही मला उत्तर देता आले नाही. पुढे ग्रंथालयात बसून जे उमगले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की गावात सगळे 'नॅशनल पार्क झालं' असे म्हणतात ते खरे नव्हे. २०११ च्या डिसेंबरात भीमगड हे वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. राष्ट्रीय उद्यान निराळे. हा शब्दाचा कीस वाटेल, पण मामाचे घर या फरकावरच उभे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर झाला की कलेक्टरने तेथील लोकांचे हक्क तपासावयाचे असतात. त्या दिवसापासून त्या जमिनीत कोणाला नवा हक्क मिळत नाही. वारसाने आलेला तेवढा चालतो. तपासणीनंतर कलेक्टरपुढे तीन वाटा असतात. ती जमीन हद्दीबाहेर काढावी, किंवा मोबदला देऊन घ्यावी, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने त्या माणसाचा हक्क आत तसाच चालू ठेवावा. ही तिसरी वाट कलम २४ मध्ये आहे. राष्ट्रीय उद्यानाचे कलम ३५ हीच सारी पद्धत उसनी घेते आणि नेमकी ही तिसरी वाट वगळते. उद्यानाची अखेरची घोषणा व्हावयाची तर आतले सर्व हक्क आधी सरकारकडे आलेले असले पाहिजेत. अभयारण्यात गुरे चारण्यावर नियंत्रण असते, उद्यानात गुरे चारताच येत नाहीत. कायदा करणाऱ्याने एक उपकलम गाळले, एवढेच!

मालकी म्हणजे एक वस्तू नसून हक्कांची मोळी आहे, असे आम्हाला वर्गात शिकवले होते. राहणे, पिकवणे, विकणे, गहाण टाकणे, वारसाला देणे या तिच्यातल्या काटक्या. परीक्षेपुरते ते पाठ केले होते. त्याचा अर्थ कळला तो अमेरिकेतल्या वॉकर भगिनींची हकीकत वाचल्यावर.

टेनेसी राज्यात ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान १९३४ साली झाले. त्यासाठी शेकडो शेतकरी कुटुंबांकडून जमिनी घेतल्या गेल्या. लिटल ग्रीनब्रायर येथे पाच अविवाहित बहिणी वडिलांच्या लाकडी घरात राहात. त्या हटेनात. अखेर १९४० च्या सुमारास त्यांनी आपली सव्वाशे एकरांच्या आसपासची जमीन ४,७५० डॉलरना दिली, पण मरेपर्यंत तेथेच राहण्याचा हक्क राखून. राहता आले, मात्र शिकार, मासेमारी, लाकूडतोड, चराई यांवर बंधने आली. पुढे प्रवासी त्यांचे घर पाहायला येऊ लागले आणि या बहिणी त्यांना सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या विकू लागल्या. त्यांतली लुइसा १९६४ साली वारली, आणि तेथला वॉकरांचा हक्क संपला. घर अजून उभे आहे.

पुढे त्या देशात कित्येक उद्यानांच्या कायद्यांत हीच सोय लिहिली गेली. विकणाऱ्याने आजन्म अथवा पंचवीस वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क राखावा, आणि त्या हक्काची किंमत मोबदल्यातून वजा व्हावी. समजा, घर दहा लाखांचे, राहण्याचा हक्क तीन लाखांचा. तर हाती सात लाख. हिशेब चोख आहे. पण राहण्यालाही किंमत असते हे तिथे कागदावर लिहिले जाते, ही गोष्ट मला हिशेबापेक्षा मोठी वाटली.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने वेगळीच काटकी हाती दिली. या कायद्यातील 'वनजमीन' या शब्दात अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानेही येतात. म्हणूनच नागरहोळे राष्ट्रीय उद्यानातून पूर्वी बाहेर काढलेल्या जेनु कुरुबांपैकी काही कुटुंबे २०२५ च्या मे महिन्यात याच कायद्याचे नाव घेऊन आपल्या जुन्या वस्तीवर परतली. या कायद्याखाली मिळणारा हक्क वारसाकडे जातो, पण विकता येत नाही. वॉकर भगिनींना पैसे मिळाले, वारसाला काही देता आले नाही. इथे नेमके उलटे! शिवाय लग्न झालेल्या माणसाचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावा लागतो.

मामाच्या घराला आणि भाताच्या खाचराला आजोबांच्या नावाचा उतारा आहे. तेवढ्यापुरता तो मालकच. सरकारने रीतसर संपादन केल्याशिवाय ती मालकी जात नाही. परंतु वरच्या अंगाला पूर्वी कुमरी होती तो तुकडा, रातांब्याची झाडे आणि गुरांचे रान यांना कसलाच कागद नाही. तेथे वनहक्काचा दावा लागतो. मामा आदिवासी नसल्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवावी लागेल. कागद नसले तरी गावातल्या वृद्धांचे लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, देवस्थान, स्मशान यांचाही पुरावा चालतो. आणि तपासणी पुरी होईपर्यंत दावेदाराला हुसकता येत नाही. तेव्हा जायचे असो वा राहायचे असो, दावा आधी आणि संमती नंतर, असे माझे मत झाले.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. भीमगडातल्याच तळेवाडीच्या कुटुंबांना २०२५ मध्ये दर कुटुंबाला पंधरा लाख या बोलीने पहिले धनादेश मिळाले. सात टक्के व्याज धरले तर पंधरा लाखांवर महिना ८,७५० रुपये होतात. यात बेळगावात खोलीचे भाडे भागवून दूध, तांदूळ, सरपण विकत घ्यायचे. मी हा हिशेब मांडला तेव्हा मामेभाऊ संतापला. "तू चार दिवस येतोस. पावसाळ्यात बाळंतीण डोलीतून न्यायला ये मग." त्याचे खोटे नव्हते. रस्ता नाही, वीज नाही, अस्वलाची भीती आहे; त्याला मुलांना शाळेत घालायचे आहे. अभयारण्याच्या नावाखाली सोयी अडतात आणि मग माणसे 'स्वखुशीने' निघतात, यात खुशी किती हे कोणत्या खात्यावर मांडायचे?

मामाने अजून काही ठरवलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन मी दाव्याचा अर्ज कानडीत भरून दिला. पंच्याऐंशी वर्षांच्या शेजारच्या आजोबांचा जबाब लिहून घेतला. त्यात निम्मा मजकूर कुमरीचा आणि निम्मा त्यांच्या हरवलेल्या रेड्याचा होता, तो तसाच ठेवला. अर्जदाराच्या रकान्यात मामाशेजारी मामीचे नाव घातले. कोणत्याही जमिनीच्या कागदावर आपले नाव तिने प्रथमच पाहिले. "सही करू का आंगठा?" तिने विचारले, आणि मग पाटी मागवून घेतली.