ब्रेडेड दोरीची गाठ का सुटते? मासा हातचा जाऊ नये म्हणून एवढं करा

मासा गळाला लागला, दोरीला ताण आला आणि एकदम सगळं सैल पडलं. दोरी गुंडाळून पाहिली तर गळ गायब. अशा वेळी दोरीचं टोक नीट बघावं. टोक पिंजलेलं असेल तर दोरी तुटली. टोक कापल्यासारखं साबूत असेल तर गाठ सरकली.

कुंडलहून आमणापूर, भिलवडी, औदुंबरच्या बाजूला कृष्णाकाठी गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना तंगूस ओळखीचा. ब्रेडेड दोरी त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी जास्त वजन पेलते. पण तंगुसाला पुरणारी निरगाठ तिच्यात सुरगाठ ठरते.

ही दोरी इतकी निसरडी का?

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच अखंड तंतू. ब्रेडेड दोरी मात्र अनेक बारीक धाग्यांची वेणी असते. हे धागे पॉलिथिनचे, म्हणजे कॅरीबॅगच्याच घराण्यातले. फक्त त्यातले रेणू कितीतरी पट लांब असतात. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्यांची प्रसिद्ध नावं.

गाठ टिकते ती घर्षणावर. तंगूस ताणाखाली किंचित दबतो आणि स्वतःलाच पकडतो. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते आणि जवळपास ताणली जात नाही. त्यामुळे झटका थेट गाठीवर येतो आणि वेढे कमी असतील तर गाठ घसरते.

गळ बांधायला पालोमर गाठ

१. दोरीचं टोक साधारण १५ सेंटीमीटर दुहेरी करा आणि हा दुहेरी फास गळाच्या नेढ्यातून ओवा.
२. दुहेरी दोरीचीच एक साधी, सैल गाठ मारा. गळ खाली लोंबता राहू द्या.
३. फास मोठा करून संपूर्ण गळ त्यातून बाहेर काढा.
४. गाठ पाण्याने ओली करा. दोरीची दोन्ही टोकं एकत्र धरून सावकाश ओढा.
५. अर्धा सेंटीमीटर टोक ठेवून बाकीचं कापा.

नेढ्यात दोरी दुहेरी बसत असल्याने पकड वाढते. दोरे एकमेकांवर आडवे चढले असतील तर गाठ सोडून पुन्हा मारावी.

ओली का करायची?

कोरडी दोरी झटक्याने आवळली की घासून गरम होते. हे पॉलिथिन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे नायलॉनच्या बरंच आधी. घासलेली गाठ वरून ठीक दिसते, पण आतून कमजोर झालेली असते.

तंगुसाला जोडायची असेल तर

डबल युनी गाठ सोपी. दोन्ही टोकं एकमेकांवर वीतभर ठेवायची. ब्रेडेडच्या टोकाचा फास करून ते टोक दोन्ही दोऱ्यांभोवती, फासाच्या आतून, ८ वेढे फिरवायचं. तंगुसाच्या टोकाचंही तसंच, पण ५ वेढे पुरतात. मग गाठी ओल्या करून मूळ दोऱ्या विरुद्ध दिशांना ओढायच्या. दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात.

रिळावरही हीच अडचण येते. गुळगुळीत रिळावर ब्रेडेड दोरीचा सगळा गुंडाळाच फिरतो. म्हणून आधी थोडा तंगूस गुंडाळून त्यावर ती जोडतात.

गळ अडकला तर

ब्रेडेड दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. ती बोट चिरते. काठीच्या तुकड्याला चार वेढे देऊन सरळ रेषेत ओढावी. गळ सोडवायला पाण्यात तर मुळीच उतरू नये. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत.

गाठ सुटल्याचं नुकसान एकट्या माणसाचं नसतं. मासा तोंडात गळ घेऊन जातो. काठावर टाकलेले दोरीचे तुकडे कुजत नाहीत. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणावेत.

आणि गळ टाकण्याआधी एक शेवटची परीक्षा: गळ पक्कडीत धरून दोरी जोरात ओढा. सुटायचीच असेल, तर गाठ काठावर सुटलेली बरी.