मुके सोबती (भाग ९) : डबा एकच

शनिवारी दुपारी मुंबईची गाडी फाटकाशी थांबते. कुंभिवली गावच्या एखाद्या फार्महाऊसवर पाच दिवस राखणदाराच्या हातचं जेवलेला लॅब्रॉडॉर धावत येतो. धावत म्हणजे डुलत. साहेबांच्या खिशात बिस्किटं, बाईंच्या डब्यात चिकन, पोरांच्या हातात वेफर्स. रविवारी रात्री गाडी परतते आणि सोमवारी राखणदाराची बायको ‘बिचारा एकटा पडला’ म्हणून एक भाकरी जास्त टाकते.

विचारलं तर प्रत्येक जण शपथेवर सांगतो, “मी कुठे फारसं देतो!” एकेकट्याचं बोलणं खरंही असतं. बेरीज मात्र कुणीच करत नाही.

ती करून पाहावी. ज्याचं वजन ३० किलो असायला हवं, अशा कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ९०० कॅलरी पुरतात. वजन उतरवायचं असेल तर पशुवैद्य बहुधा याच आकड्याच्या आसपास आहार ठरवतात. तुपाचा हात फिरवलेली एक पोळी शंभर-सव्वाशे कॅलरींची. ग्लुकोजचं एक बिस्किट वीस-बावीसचं. चहाबरोबर चार बिस्किटं फेकली तर लॅब्रॉडॉरच्या वाट्यातला दहावा हिस्सा संपतो. दहा किलोच्या पगचा जवळजवळ पाव.

लॅब्रॉडॉरची बाजूही ऐकायला हवी. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की या जातीतल्या सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या कुत्र्यांच्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. अशांना भूक जास्त. जेवून उठल्यावरही ते डोळे लावून बसतात, त्यात नाटक थोडं आणि आनुवंशिकता बरीच.

त्या डोळ्यांना बळी पडण्याची किंमतही मोजली गेली आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये ४८ लॅब्रॉडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घातलं, तेही जन्मभर. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. सांधेदुखीनेही कमी खाणाऱ्यांना उशिरा गाठलं.

ओबी नावाच्या डॅशहंडची गोष्ट याच्याही पुढची. अमेरिकेतल्या वृद्ध मालकांच्या लाडाने २०१२ मध्ये त्याचं वजन ३५ किलोंवर गेलं होतं. त्याला धड चालताही येत नव्हतं. दुसऱ्या घरी मोजून खायला मिळू लागलं आणि वीस किलोंहून अधिक वजन उतरलं.

आपल्याकडे करायचं काय? आधी पशुवैद्याकडून थायरॉईड तपासून घ्यावं, स्टेरॉईडची औषधं चालू असतील तर सांगावं. मग सकाळी दिवसभराचं सगळं खाणं मोजून एका स्टीलच्या डब्यात काढायचं. साहेब, बाई, पोरं, राखणदार, ज्याला लाड करायचे त्याने त्यातूनच करावेत. डबा रिकामा झाला की दिवस संपला. फारच केविलवाणं तोंड केलं तर काकडीची फोड किंवा उकडलेली फरसबी. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका मात्र चुकूनही नकोत.

वजन आठवड्याला शेकडा एक ते दोन उतरावं, त्याहून वेगाने नको. ४० किलोच्या कुत्र्यासाठी हे चारशे ते आठशे ग्रॅम झाले. एवढा गडी उचलून घरच्या काट्यावर उभं राहणं कुणाला जमणार? वाण्याचा किंवा भाताच्या गिरणीचा मोठा काटा चालतो. फिरवण्याचं म्हणाल तर वैशाखात डांबर तापायच्या आत, आषाढात पावसाची उघडीप बघून. एरवी ओटीवरच डब्यातले दाणे विखरून हुंगत शोधायला लावावेत.

आज रात्री एक करून पाहा. तळहात उताणा न ठेवता पालथा धरून त्या हाताच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, मग कुत्र्याच्या बरगड्यांवरून. स्पर्श सारखा लागला तर ठीक. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं, तर उद्या सकाळी डबा काढा आणि राखणदारालाही फोन करा.

(पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यातल्या गोचिडी)