परळीची राख, स्लॅबची ताकद

परळीत वैद्यनाथाइतकीच ओळखीची दुसरी खूण म्हणजे औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या. तिथे दळलेला कोळसा जळतो आणि धुराबरोबर निघालेली बारीक राख यंत्रांनी पकडली जाते. हीच फ्लाय अ‍ॅश.

‘सिमेंटमध्ये राख’ म्हटलं की घर बांधणाऱ्याला भेसळीचा वास येतो. पण पीपीसी लिहिलेल्या गोणीत १५ ते ३५ टक्के राख घालायला भारतीय मानकच परवानगी देतं. सिमेंटमध्ये पाणी पडलं की घट्ट गोंदासारखा पदार्थ तयार होतो, आणि सोबत चुनाही सुटतो. हा चुना काँक्रीटचा कच्चा दुवा. पाण्याबरोबर तो झिरपून जातो. राखेतली सिलिका त्याच चुन्याला धरून आणखी गोंद बनवते. छिद्रं बुजतात, क्षार आत शिरायची वाट अवघड होते, सळई उशिरा गंजते. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत.

शिवाय सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. त्यात कार्बन डायऑक्साइड निघतोच. राख मात्र आधीच भाजलेली! घाटघर धरणाच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राख जास्त होती.

खोट एकच. ही प्रक्रिया सावकाश चालते. सुरुवातीची ताकद कमी, म्हणून सेंट्रिंग काढायची घाई नको आणि पाणी निदान दहा दिवस मारायचं. बीडच्या उन्हाळ्यात, टँकरच्या भावात, नेमकं हेच अवघड. ओलं गोणपाट अंथरलं तर थोडक्यात भागतं.