इंग्रजांचा कांदा ‘एक’, जर्मनांचा ‘दोन’! काय आहे नावामागची गोष्ट?

घोडेगाव (ता. नेवासा) : येथील कांदा मार्केटमध्ये लिलावाला गोण्या ओतल्या की व्यापाऱ्याची नजर आधी जोड कांदा शोधते. एका सालीत दोन कांदे असले की तो लवकर फुटतो, चाळीत टिकत नाही आणि भाव पडतो. म्हणून शेतकरी घरीच माल निवडतो : एकेरी वेगळा, जोड वेगळा. गंमत म्हणजे हाच ‘एक की दोन’चा हिशेब युरोपातील कांद्याच्या नावांतही दिसतो.

‘अनियन’ म्हणजे एकटा
इंग्रजी ‘अनियन’ आणि फ्रेंच ‘ओन्यों’ हे शब्द लॅटिन ‘उनियो’वरून आले. ‘उनुस’ म्हणजे एक. ‘युनियन’ हा शब्दही याच कुळातला. पहिल्या शतकातील रोमन शेतीलेखक कोलुमेला याने एकेरी कांद्याला शेतकरी ‘उनियो’ म्हणतात, अशी नोंद केली आहे. म्हणजे आज जगभर चालणारे हे नाव मुळात शेतकऱ्यांच्या बोलीतले!

जर्मनीत झाले दोन
लॅटिनमधील नेहमीचा शब्द मात्र ‘केपा’. त्यापासून इटालियन ‘चिपोल्ला’, स्पॅनिश ‘सेबोया’ आणि पोर्तुगीज ‘सेबोला’ तयार झाले. तोच शब्द जर्मन भाषेत गेला, तेव्हा लोकांना त्यात ओळखीचे ‘त्स्वी’ (दोन) आणि ‘बोल्ला’ (गोल गड्डा) ऐकू आले. त्यातून आजचा ‘त्स्वीबेल’ घडला. कांदा तोच, पण कानांनी एकाचे दोन केले.

स्वीडिश ‘ल्योक’ आणि रशियन ‘लूक’ यांचे घराणे वेगळे. इंग्रजी ‘गार्लिक’मधला ‘लिक’ त्यांचाच भाऊबंद.

आपला कांदा कुठला?
मराठी ‘कांदा’ संस्कृत ‘कंद’वरून आला. जमिनीखाली वाढणारा गड्डा, एवढाच त्याचा अर्थ. हिंदी ‘प्याज’ फारसीतून आला. पोर्तुगीजांचा ‘सेबोला’ मराठीत रुजला नाही, कारण कांदा आणि त्याचे नाव इथे आधीपासूनच होते. बटाटा मात्र नवा होता, म्हणून तो पोर्तुगीज नावासकट राहिला. त्यामुळे दुकानाच्या पाटीवरच्या ‘कांदा-बटाटा’त एक घरचा, दुसरा पाहुणा!

नाव काहीही असो, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन शेतकऱ्याने एकेरी कांदा वेगळा ओळखला, तसाच घोडेगावचा शेतकरी आजही ओळखतो. फरक इतकाच, की इथे त्यावर गोणीचा भाव ठरतो.