हातांचा परवाना

आमच्या मोहल्ल्यात एक खाला होत्या. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, हा त्यांचा व्यवसाय. एकदा अम्मीची पोटरी सुजून लाल झाली. खालांनी हात लावून पाहिला आणि तेलाची वाटी बाजूला सारली. म्हणाल्या, "हे चोळायचं नाही. डॉक्टरांना दाखवा." शिरेत रक्ताची गुठळी निघाली. चोळली असती तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती.

याच्या उलट अनुभव मला चार-पाच वर्षांपूर्वी आला. मान अवघडली म्हणून एका मालिश केंद्रात गेलो. भिंतीवर चकचकीत प्रमाणपत्र होतं. तिथल्या तरुणाने मान झटक्याने फिरवली आणि पुढे तीन आठवडे उजव्या हाताला मुंग्या येत राहिल्या. नंतर कळलं, ते प्रमाणपत्र दुकानाचं होतं, त्या मुलाचं नव्हतं.

जागेचा परवाना म्हणजे हातांचा परवाना नव्हे. २०२१च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपिस्टांची नोंदणी आली. पण साध्या मालिशवाल्यासाठी देशभर लागू असा सक्तीचा परवाना आपल्याकडे नाही. २०१५पासून कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. तेही ऐच्छिक.

जपानमध्ये मात्र १९४७चा कायदा आहे. 'अन्मा' ही तिथली जुनी मालिश, आणि शिआत्सू म्हणजे बोटांनी दाब देण्याची पद्धत. पोटासाठी ही कामं करायची तर किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. शरीररचना, रोगांची ओळख, स्वच्छता हे सगळं शिकावं लागतं. 'विश्रांती'च्या नावाने बिनपरवाना दुकानं तिथेही चालतात, हा भाग वेगळा.

या कायद्याला आणखी एक बाजू आहे. अन्मा हा शतकानुशतकं अंधांचा व्यवसाय. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांना ही विद्या शिकवली. पुढे डोळस लोक या धंद्यात वाढले, तेव्हा १९६४मध्ये दुरुस्ती झाली: अंधांच्या उपजीविकेला धक्का बसत असेल, तर डोळसांसाठी नवे अभ्यासक्रम सरकार नाकारू शकतं. या तरतुदीला आव्हान दिलं गेलं. २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

म्हणजे परवाना गिऱ्हाइकाची मान सांभाळतो, तसाच कुणाचं तरी ताटही सांभाळू शकतो. आपल्याकडे कायदा झालाच, तर त्याने एवढं पाहावं. नाहीतर फी भरू शकणाऱ्याला कागद मिळेल आणि खालांसारख्या बायका घरी बसतील.

तोवर आपण एक करावं. मालिशवाल्याला विचारावं, "कुठे शिकलात? आणि मालिश केव्हा करू नये?" ताप, ताजी मोडतोड, उघडी जखम, एकाच पायाची अचानक सूज, यांतलं काही त्याने सांगितलं नाही, तर सरळ उठून यावं.

खाला अंगठा उठवत. पण 'नाही' केव्हा म्हणायचं, ते त्यांना ठाऊक होतं.