वयाच्या क्रमाने लावलेल्या वंशावळी

‘डीकोडिंग ॲनी पार्कर’ हा स्टीव्हन बर्नस्टीन दिग्दर्शित २०१३ चा चित्रपट दोन स्त्रियांच्या आयुष्यांचे धागे शेजारी शेजारी विणतो. त्यांतील ॲनी पार्कर ही कॅनडातील स्त्री आई आणि बहीण कर्करोगाने गेल्यानंतर स्वतः आधी स्तनाच्या व पुढे अंडाशयाच्या कर्करोगाला सामोरी जाते, तर मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी संशोधिका काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या या रोगामागे एखादे जनुक असावे, हे सिद्ध करू पाहतात. सामंथा मॉर्टन यांनी रंगवलेली ॲनीची तगमग पडद्यावर उत्तम उतरली आहे. किंग यांचे काम मात्र मुख्यतः संख्याशास्त्राचे, आणि कॅमेऱ्याला आकडेमोडीचे वावडेच असते.

वास्तविक खरे नाट्य त्या आकडेमोडीतच होते. स्तनाचा कर्करोग इतका सर्रास आढळतो की एका घरातील तीन-चार रुग्ण निव्वळ योगायोगानेही असू शकतात, त्यामुळे आनुवंशिकतेचा क्षीण संकेत या गर्दीत हरवत होता. किंग यांच्या चमूने २३ कुटुंबांच्या वंशावळी तपासताना गुणसूत्रांवरील ओळखखुणा, म्हणजे व्यक्तिगणिक बदलणारे डीएनएचे ठरावीक तुकडे, रोगाबरोबरच वारशाने उतरतात का, हे पाहिले. सगळी कुटुंबे एकत्र धरली असता चित्र धूसर राहिले, परंतु रोगनिदानाच्या सरासरी वयानुसार त्यांचा क्रम लावताच तरुण वयात रोग होणाऱ्या कुटुंबांत सतराव्या गुणसूत्रावरील एक खूण रोगाची पाठराखण करताना स्पष्ट दिसली. वाढत्या वयात जडणारा कर्करोग बहुधा वारशाविना होतो, हे ध्यानात घेतल्यास या साध्या मांडणीची ताकद कळते.

हा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाला; बीआरसीए-१ हे प्रत्यक्ष जनुक मात्र १९९४ मध्ये मार्क स्कोल्निक यांच्या गटाने वेगळे केले. डीएनएचे दोन्ही पदर तुटल्यास ते सांधण्याच्या कामी या जनुकापासून बनणारे प्रथिन लागते. त्याची एक प्रत जन्मतःच सदोष असेल आणि एखाद्या पेशीतील दुसरीही निकामी झाली, तर तुटीची नीट दुरुस्ती न होता चुका साचत जातात. सदोष प्रत वडिलांकडूनही येऊ शकते, त्यामुळे केवळ मातृकुळ तपासून भागत नाही.

पुढे मिरियड जेनेटिक्स या कंपनीने जनुकाच्या पेटंटच्या बळावर अमेरिकेत चाचणीची मक्तेदारी राखली. चित्रपटाच्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयाने निसर्गतः असलेल्या डीएनएवर, तो केवळ वेगळा काढला म्हणून, पेटंट घेता येणार नाही असा निर्णय दिला आणि इतर प्रयोगशाळांना चाचणीचा मार्ग खुला झाला.