कंपनीचा प्रशिक्षण निधी : मंगफमधले गैरसमज आणि वस्तुस्थिती

मंगफ, फहाहील, महबूला, अबू हलीफा या कुवेतच्या किनारपट्टीत राहणारी आपली मंडळी कामाला जातात ती मुख्यतः मीना अब्दुल्ला, मीना अल अहमदी आणि शुऐबाच्या बाजूला. कोणी इन्स्पेक्टर, कोणी वेल्डिंग फोरमन, कोणी सेफ्टी ऑफिसर, प्लॅनर, अकाउंटंट. पगार, घरभाडे, तिकीट आणि इंडेम्निटी (नोकरी संपताना मिळणारी रक्कम) यांचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असतो. ऑफर लेटरमध्ये किंवा एचआर पॉलिसीत प्रशिक्षणासाठी वर्षाला काही दिनारांची तरतूद असेल, तर तिच्याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त चालतात. त्यापायी हक्काचा पैसा न वापरता वाया जातो. हा निधी म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. नोकरीच्या अटींत तो लिहिलेला असेल, तर तो मागून घ्यायला हवा.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज बॉण्डचा. ‘कंपनीच्या पैशाने कोर्स केला की दोन-तीन वर्षे अडकलो,’ असे म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत. कुवेतच्या खासगी क्षेत्राचा कामगार कायदा, म्हणजे २०१० चा कायदा क्रमांक ६, याबाबत स्पष्ट आहे. त्याच्या कलम १८ नुसार प्रशिक्षण घेतलेल्या कामगाराने, प्रशिक्षण जितका काळ चालले तितकाच काळ, आणि जास्तीत जास्त पाच वर्षे, त्याच मालकाकडे काम करायचे असते. आधीच सोडून गेला तर मालक खर्च मागू शकतो, पण उरलेल्या काळाच्या प्रमाणातच.

आकड्यांत पाहू. प्रशिक्षण तीन महिन्यांचे, खर्च ६०० दिनार. ते संपल्यावर एक महिना काम करून तुम्ही राजीनामा दिला, तर बांधिलकीचे दोन महिने उरले, म्हणून ४०० दिनार. पूर्ण ६०० नव्हेत. पाच दिवसांच्या वर्गासाठी कलमाच्या मापाने बांधिलकीही पाच दिवसांचीच येते. बंधन आहे, पण ते मोजून दिलेले आहे.

तरीही कंपनीच्या करारात ‘दोन वर्षांच्या आत सोडल्यास संपूर्ण खर्च वसूल’ असे वाक्य येते, आणि घाईघाईत त्याखाली सही होते. सहीआधी एचआरला दोन गोष्टी लेखी विचारा : मुदत कशाच्या आधारे ठरवली, आणि दर महिन्याला रक्कम कमी होत जाते का. कामगार कायद्याने दिलेले हक्क हे किमान हक्क आहेत, हे बोलताना लक्षात असू द्या. त्याच कायद्यातली दुसरी एक तरतूदही उपयोगी आहे. मालकाचे कर्ज किंवा देणे पगारातून वळते करायचे असेल, तर पगाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही.

याच्या उलटा गैरसमजही तितकाच घातक : ‘सही केली म्हणून काय होते, बॉण्ड नुसता कागद असतो.’ विजया बँकेच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तो वाद प्रशिक्षणाचा नव्हता आणि निकाल कुवेतला लागूही नाही. पण सही केलेला कागद न्यायालय गांभीर्याने वाचते, एवढे त्यातून घ्यावे.

पैसा कुठे घालायचा, हा खरा कळीचा प्रश्न. ‘सर्टिफिकेट मिळाले म्हणजे ते कायमचे आपले’ ही समजूत एनडीटीच्या (वस्तू न मोडता केलेल्या तपासणीच्या) कामात फार महागात पडते. एएसएनटी या अमेरिकी एनडीटी संस्थेच्या एसएनटी-टीसी-१ए पद्धतीने मिळालेले लेव्हल टू प्रमाणपत्र घ्या. ते प्रमाणपत्र तुमची कंपनी तिच्या स्वतःच्या लेखी कार्यपद्धतीनुसार देते आणि जबाबदारीही तीच घेते. नोकरी सुटली की ते संपते. नवा मालक तुम्हाला पुन्हा प्रमाणित करू शकतो, पण त्यासाठी प्रशिक्षणाचे तास, परीक्षेचे गुण, अनुभवाचा दाखला आणि दृष्टितपासणी यांची नोंद हातात हवी. कंपनीत असतानाच या नोंदींच्या प्रती मागून ठेवा. राजीनाम्यानंतर मागायला गेलात तर हेलपाटे ठरलेले. निधी हाती असेल, तर त्यातून आयएसओ ९७१२ नुसार त्रयस्थ संस्थेचे, उदाहरणार्थ पीसीएनचे, प्रमाणपत्र घेणे शहाणपणाचे. ते माणसाच्या नावावर असते आणि मालक बदलला तरी टिकते.

तेच एपीआय ५१० (प्रेशर व्हेसल), ५७० (पाइपिंग) आणि ६५३ (टाक्या) यांचे. ही प्रमाणपत्रे वैयक्तिक आहेत, पण दर तीन वर्षांनी नूतनीकरण लागते. वेल्डिंग तपासणीचे सीएसडब्ल्यूआयपी ३.१ पाच वर्षांचे असते. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपीला परीक्षेआधी ३५ तासांचे प्रशिक्षण आणि पुढे दर तीन वर्षांत ६० पीडीयू (व्यावसायिक विकासाची एकके) लागतात. सुरक्षेच्या क्षेत्रातल्या नेबोशच्या इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेटला मुदत नाही. म्हणून अर्जात नुसती वर्गाची फी लिहू नका. परीक्षा शुल्क, सभासदत्व आणि नूतनीकरण निधीत बसते का, तेही विचारा. वर्गाची फी कंपनीने भरली आणि परीक्षेची खिशातून, असे होऊन पुष्कळांची परीक्षा राहूनच जाते.

‘ट्रेनिंगला जायचे तर वार्षिक रजा टाका’ हे ऐकून घेऊ नका. कलम १७ नुसार प्रशिक्षण कंपनीत असो की बाहेर, त्या काळाचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा असतो. कायद्यातली प्रशिक्षणाची व्याख्या साहेब आणि कामगार असा भेदही करत नाही. उच्च पदवीसाठीची पगारी शैक्षणिक रजा मात्र वेगळी : कलम ७५ प्रमाणे ती देणे मालकाच्या मर्जीवर आहे. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा असल्यामुळे हे नियम त्यांना लागू होत नाहीत.

आता सुरक्षेचा मुद्दा. १२ जून २०२४ च्या पहाटे याच मंगफमध्ये कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून सुमारे ५० माणसे गेली. त्यांतले बहुतेक भारतीय होते. आग विझवणे, इमारतीतून सुटका, एचटूएस (विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू), बंदिस्त जागेतले काम यांचे प्रशिक्षण कामगाराच्या व्यक्तिगत निधीत कधीही मोजले जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते. कामाचे धोके आणि त्यांपासूनचे संरक्षण कामगाराला सांगणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि संरक्षणाच्या साधनांसाठी पगारातून पैसे कापायला कायद्याने बंदी आहे. ‘तुझा या वर्षीचा कोटा फायर ट्रेनिंगमध्ये संपला,’ असे उत्तर मिळाले तर त्यावर लेखी हरकत घ्या.

काही अपेक्षा मात्र सोडून दिलेल्या बऱ्या. कोर्स केला म्हणून इकाम्यावरचा (निवास परवान्यावरचा) हुद्दा आपोआप बदलत नाही. ‘इंजिनिअर’ या हुद्द्यासाठी २०१८ पासून कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सची मान्यता लागते, आणि भारतीय पदवीला नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रिडिटेशनचे (एनबीए) मूल्यांकन आहे का हे तिथे पाहिले जाते. कितीही छोटी प्रमाणपत्रे गोळा केली तरी ती अट त्यांनी भागत नाही. सिंगापूरमध्ये २५ वर्षे व त्यावरील नागरिकांना २०१६ पासून सरकारी स्किल्सफ्यूचर क्रेडिट स्वतःच्या नावावर मिळते. आपला निधी कंपनीच्या खात्यात असतो. म्हणून कंपनीचा नियम वाचल्याशिवाय तो पुढच्या वर्षी जमा होईल किंवा रोख मिळेल असे गृहीत धरू नका.

अर्ज कधी करायचा तेही महत्त्वाचे. सरकारी तेल कंपन्यांचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. ठेकेदार कंपन्यांत अनेकदा जानेवारी ते डिसेंबर. वर्षाच्या शेवटी पैसे उरत नाहीत आणि शटडाऊनच्या काळात कोणी सोडत नाही, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्या. कोर्सचा तुमच्या चालू कामाशी काय संबंध आहे ते दोन ओळींत लिहा, मंजुरी ईमेलवर घ्या आणि मगच फी भरा. मंजुरीआधी भरलेल्या फीची पावती परत येण्याचीच शक्यता जास्त.

ठरलेले मिळाले नाही तर आधी शुऊनच्या (सरकारी मनुष्यबळ प्राधिकरणाच्या) कामगार विभागात तक्रार करायची असते. ते कार्यालय महिनाभरात तडजोडीचा प्रयत्न करते, आणि न जमल्यास प्रकरण न्यायालयाकडे जाते. कामगाराला न्यायालयीन शुल्क लागत नाही. मात्र नोकरी संपल्यापासून एक वर्षाच्या आत दावा केला नाही, तर तो ऐकला जात नाही.